बोटावरची साखर

बेकरीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण केकवर क्रीमचा गुलाब काढावा तर त्यांनीच. देव काही माणसांच्या बोटांतच सगळं घालून पाठवतो, तशांतले ते.

मधुमेह निघाला तेव्हा भट्टीवाला म्हणाला, "मास्तर, तुमचं आता बँकेतल्या कॅशियरसारखं झालं. दिवसभर हाताळायचं आणि रिकाम्या हाताने घरी जायचं." मास्तरही हसले.

घरी मात्र सुईचं नाव काढलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. बायको केव्हाच देवाघरी गेलेली आणि मुलगा सदा फिरतीवर, त्यामुळे सगळं सुनेने अंगावर घेतलं. अंघोळ करून आले की ते खुर्चीत बसत, बोट पुढे करत आणि तोंड भिंतीकडे फिरवत. ती बोट टोचायची, यंत्रावरचा आकडा बघायची, पोटात इन्सुलिनची सुई द्यायची.

"बाबा, आज किती आली, विचारा तरी."

"तू आहेस ना. या वयात मला पाढे शिकवू नकोस."

तीही मग सोडून द्यायची. मनातून तिला ते गोडच वाटायचं. सासरे लेकरासारखे आपल्यावर विसंबून आहेत, ही आपल्या हातून घडणारी सेवा, असं ती मानत आली होती.

अशात तिची आई अंथरुणाला खिळली. निघायच्या गडबडीत तिने सासऱ्यांना सगळं दाखवलं. टोचायचं कसं, सुई द्यायची कुठे, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर साखर गेली तर इन्सुलिन किती वाढवायचं. मास्तर नुसती मान डोलवत राहिले.

एकट्याने घरात टोचून घ्यायचा धीर होईना, म्हणून ते यंत्र आणि इन्सुलिन घेऊन बेकरीत गेले. दुपारी जेवणाआधी हातातला केक बाजूला सारला, फडक्याला हात पुसले आणि डोळे किलकिले करून बोट टोचलं. आकडा भलताच मोठा आला.

"बघ, सून गेली आणि साखर चढली," ते भट्टीवाल्याला म्हणाले.

सांगितल्याप्रमाणे त्यांनी इन्सुलिन वाढवून घेतलं. वर आकड्याची अशी धास्ती बसली की डब्यातलं निम्मं जेवण तसंच ठेवलं आणि पुन्हा केकला लागले.

घाम फुटला, तो भट्टीच्या धगीने असं त्यांना वाटलं. हात थरथरला, तो वयाने. भट्टीवाल्याने नुकताच काढलेला ट्रे शेजारच्या टेबलावर होता. मास्तर कोसळले ते त्याच्यावरच, उजवा हात खाली. त्यांना उचलायला लोक धावले तेव्हा हात पत्र्याला चिकटलेला होता.

जीव वाचला, देवाची कृपा. हात मात्र भरून येईना. जखम चिघळत गेली आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली, क्रीमची पिशवी ज्यांनी दाबायची तीच.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सगळं खोदून विचारलं. "टोचण्याआधी हात धुतले होते का?"

"पुसले होते."

"कशाला?"

"कामाच्या फडक्याला."

त्या फडक्यावर काय असतं, हे मास्तरांना कोणी सांगायला नको होतं. दिवसभर पिठीसाखर. यंत्राने रक्तातल्या साखरेबरोबर बोटावरचीही मोजली होती. रक्तातली वाढलेलीच नव्हती, ती जादा इन्सुलिनने आणि अर्धपोटी राहिल्याने एकदम खाली गेली होती. माहेराहून धावत आलेली सून खाली मान घालून उभी होती. घरी अंघोळीनंतरचे हात नेहमीच स्वच्छ, त्यामुळे ते सांगायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

बेकरीत आता साच्यातले तयार गुलाब आणून चिकटवतात. भट्टीवाला एकदा भेटायला आला, इकडचं तिकडचं बोलला, गुलाबांचं काही बोलला नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी सून यंत्र घेऊन पुढे झाली. "द्या बाबा बोट."

"ठेव ते टेबलावर."

ते नळाशी गेले. एका धड हाताने दुसरा धुताना साबण दोनदा निसटला. तिने उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती मागे सरली. हात कोरडे करून ते बसले आणि उजव्या हाताच्या करंगळीवर सुई धरली. या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं. यंत्राची पहिली पट्टी वाया गेली. दुसरीवर थेंब नीट पडला.

"किती आली?" तिने विचारलं.

त्यांनी आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. "आज वाढवायचं नाही. नेहमीचंच."

डाव्या हाताने इन्सुलिन भरायला त्यांना फार वेळ लागत होता. ताट निवत चाललं होतं. तिने ते झाकलं आणि थांबली.