ताईंच्या नावापुढची लाल पट्टी

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने मला फसवलं, आणि मी माझ्या दुकानातल्या ताईंना.

मोबाइल नुकतेच खिशात आले होते तेव्हाची गोष्ट. जुन्नरला माझं खतं-औषधांचं दुकान. सायकलला बियाण्याच्या पिशव्या बांधून मी सुरुवात केली होती. मला कुणी गंडवेल हे मनातही यायचं नाही. कॉम्प्युटरवर बिलं करायला आठ वर्षं एक ताई होत्या. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "शेठ, माणूस किती वेळ काम करतो, किती वेळ नुसता बसतो, सगळं कळेल." तो एक दिवस दुकानात बसून आमचं काम बघणार होता आणि त्याप्रमाणे सगळं जुळवून देणार होता. मी घासाघीस करून तो दिवसच कापायला लावला. तो लगेच तयार झाला. तिथंच मला शंका यायला हवी होती.

ताईंना काही सांगितलं नाही. महिन्याने कागद निघाला. त्यांच्या नावापुढे लाल पट्ट्याच पट्ट्या. पोळ्याआधीच्या बुधवारी तर सलग दोन तास 'निष्क्रिय'. माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांसमोर कागद आपटला.

"फुकटचा पगार खाता?"

त्यांनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "महिनाभर तुमी माझ्यावर पाळत ठेवली व्हती?" कपाटाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि निघून गेल्या.

आठवड्याने घोडेगावकडचे एक बाबा आले. टोपीतून टोमॅटोचं करपलेलं पान काढलं.

"ताई कुठंय?"

"नाहीत आता. काय पाहिजे बोला."

"तुमाला काय कळतंय राव? पोळ्याआधी बुधवारी आलो, तर ताईनी दोन तास घातलं. पान उन्हात धरलं, आधी काय मारलं, पाणी कुठं साचतंय, समदं इचारलं. म्हणल्या, औषध नगं बाबा, खालची पानं काढा, चर मारा. लई वाचवलं मला."

मी कागद पुन्हा काढला. तोच बुधवार. आमच्याकडे शेतकरी औषधाचं नाव घेऊन येत नाही, पान घेऊन येतो. पान बघताना कॉम्प्युटरची बटणं दाबली जात नाहीत, आणि बटण दाबलं नाही की कागदावर लाल पट्टी. हे मला ठाऊक नव्हतं?

ताई घोडेगावच्या एका दुकानात लागल्याचं कळलं. गेलो. काउंटरपुढे पानं घेऊन माणसं उभी. "चुकलं माझं. परत चला," मी म्हणालो.

"पाणी घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "हितं माझ्या पाठीमागं पाळत ठेवायला कुणी नाय." आठ वर्षं त्या मला शेठ म्हणत होत्या.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. "शेठ, दिवस तुम्हीच कापला," म्हणतो! कापला. भाव पाडणं माझा धंदा. पण काम न बघता माणसाला निष्क्रिय ठरवणारी वस्तू विकणं, हा कुठला धंदा? माझी चूक मी घोडेगावात चारचौघांत कबूल केली. आता त्याने जुन्नरला यावं, माझ्या काउंटरपुढे उभं राहावं आणि त्या बाबांच्या तोंडावर सांगावं, त्या बुधवारी ताई रिकाम्या होत्या म्हणून.