तीन लाल, दोन मोकळी

आमच्या कारेगावच्या खोल्यांपुढं दुपारी आम्ही तिघीजणी मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालत बसतो. नवरे कंपनीच्या बसनं गेले की कामं उरकायची आणि उंबऱ्यात यायचं. दोन वर्षांत कापडं भरली थोडी आणि गोष्टीच साठल्या जास्त. आठवल्या की अजून हसतो. पण तेव्हा माझं अर्धं लक्ष आर्वीकडं असायचं.

आर्वी माझी मुलगी. साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आधी कान तपासून घ्या." शिरूरच्या दवाखान्याची तारीख मिळाली होती आणि मी दिवस मोजत होते.

*

यवतला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. पुतणीच्या रुखवतासाठी त्यांना मी भरलेल्या समईचा नमुना पाहिजे होता. फोटो पाठवला, तर त्यांच्या मोबाईलची काच तडकलेली. म्हणाल्या, "समई हाय का हंडा, कायबी कळंना."

मग मी गणिताच्या चौकटीच्या वहीत समई काढली आणि एकेक ओळ अक्षरांत लिहून मेसेज केला. चौकटीला आम्ही घर म्हणतो. मो म्हणजे मोकळं घर, ला म्हणजे लाल. पहिली ओळ अशी: मो ९, ला १, मो ९. समईच्या प्रत्येक ओळीची बेरीज एकोणीस आलीच पाहिजे. नाही आली तर लिहिताना चूक झाली.

माझे मिस्टर कंपनीत मशीन चालवतात. त्यांनी मेसेज वाचला आणि म्हणाले, "आमच्या मशीनचा प्रोग्रामबी असाच असतो. तू सातवी शिकूनच लिहाय लागलीस व्हय?"

*

तीच समई शेजारच्या सुनीतानं घेतली. कुठून सुरू करायचं ते मी लिहिलंच नव्हतं. मी वरून मोजते. तिच्या आईनं तिला कापड खालून भरायला शिकवलेलं. वर 'सुस्वागतम' आधीच भरून ठेवलेलं, आणि खाली समई पालथी, ज्योत जमिनीकडं.

सुनीतानं कापड लांब धरून बघितलं. म्हणाली, "असू दे. येणाऱ्याच्या पायापुढं उजेड पडंल."

तेव्हापासून मी सगळ्यात आधी 'वरून' असं लिहिते.

*

समई दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून जाऊबाईंची चूक तिच्यात कळलीच नाही. ती हरणात कळली. पहिली ओळ त्या डावीकडून भरायच्या आणि दुसरी उजवीकडून. हरणाचं तोंड एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं!

मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाल्या, "ओळ संपली तवा सुई तिथंच व्हती की. परत कशाला आणू तिला?"

सगळं उसवायला लागलं. मग मी प्रत्येक ओळीपुढं बाण काढायला लागले.

*

तिसरी आमची पिंकी भाभी, बिहारची. तिला मराठी वाचता येत नाही. तिच्यासाठी मी ओळी मोठ्यानं वाचायचे. तीन लाल, दोन मोकळी. एक हिरवं. ती पोपट भरत होती. तिचा नवरा नाईट करून आलेला, आत झोपलेला. तो उठून दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "कौन सा पाठ चल रहा है?"

भाभी मान वर न करता म्हणाली, "तोते का."

आम्ही हसलो. आर्वी आमच्याकडं पाठ करून बसली होती. पुढ्यात माझी जुनी चौकटीची वही आणि बटणांचा डबा. पुढची ओळ मी मुद्दाम जास्तच मोठ्यानं वाचली. तिनं मान वळवली नाही. भाभीला काय कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "धीरे पढ़ो दीदी, मैं सुन रही हूँ."

*

शिरूरला जायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला. हरीण पुन्हा भरायला घेतलं होतं, कागदावर उतरवून घेतलेली सातवी ओळ पुसली गेली होती. मी ओट्यापाशी, तोंड भिंतीकडं, मोबाईल खांद्यावर धरून कणीक मळत होते. मळता मळता सांगितलं, "तीन लाल. दोन मोकळी. चार लाल. थांबा, हरणाची ओळ नऊ घरांची, बेरीज जास्त होतीय. चार न्हाई, तीन करा. मग एक हिरवं."

पीठ घ्यायला वळले. आर्वी माझ्या मागं फरशीवर बसली होती. वहीवर तीन लाल बटणं. दोन घरं मोकळी. पुन्हा तीन लाल. मग एक हिरवं.

चौथं लाल बटण वहीच्या बाहेर, फरशीवर काढून ठेवलं होतं.

फोनमधून जाऊबाई म्हणत होत्या, "अगं, पुढची ओळ सांग की."

आर्वीपण माझ्याकडंच बघत होती.