वरची चाल

"हे तू लिहिलंस? कुठून उतरवलंस?"

सरांनी माझी वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली. पानभर काजूच्या चिकाचे काळे डाग. मी कारखान्यात काजू फोडते. हाताचे डाग साबणाने जात नाहीत. सगळे हसले.

शिरोड्याला सरांच्या पडवीत हा वर्ग भरायचा. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले, गावच्या देवळाच्या मानकरी घरातले सर पाश्चात्त्य संगीत लिहायला शिकवत. तेव्हा दोन आवाजांचं लेखन चाललं होतं. सर एक चाल द्यायचे, आपण तिच्यावर दुसरी लिहायची. एका स्वरासमोर एक स्वर. खालची चढली तर वरचीने शक्यतो उतरायचं. सा-प एवढं अंतर ठेवून दोघी लागोपाठ सोबत सरकल्या की चूक. मग दुसरा आवाज स्वतःचा राहतच नाही.

हे मी काजू फोडताना गुणगुणून पक्कं केलं होतं. उतरवलं नव्हतं.

"मीच लिहिलं."

"तुमच्याकडे कान असतो गं. तुझे वडील देवळाच्या पायरीखाली सनई वाजवतात, ऐकलंय मी. पण हे डोक्याचं काम आहे."

तुमच्याकडे. त्या एका शब्दात माझी अख्खी वाडी आली.

मी उठले. म्हटलं, "नवी चाल द्या. इथंच लिहिते."

सरांनी फळ्यावर आठ स्वर लिहिले. मी त्यांच्यावर आठ लिहिले. सर बराच वेळ चूक शोधत राहिले. मग पुसून टाकलं.

"नियम पाळलेस. पण जीव नाही त्यात."

बाकावर त्यांच्या पुतणीची वही उघडी होती. मी बोट ठेवलं. "सर, इथे सा-प दोनदा लागोपाठ आलंय."

"ती शिकतेय अजून."

"आणि मी?"

मी माझी वही उचलली आणि पायऱ्या उतरले.

घरी बाबा चिडले. "गप रवाक काय झाला होता तुका? माका त्येंच्याच देवळात वाजवूचा आसा!"

"तुमी वाजवा, बाबा. मी गप रवचंय नाय."

त्यांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

आता मी दोन सनयांसाठी लिहितेय. कोण वाजवेल, ठाऊक नाही. चुकलं तर माझं मीच खोडते. सरांना दाखवायला जाणार नाही. हे पायरीखाली उभं राहून कुणाला वाजवू देणार नाही. पानाच्या डोक्यावर माझं नाव लिहिलंय. आडनावासकट. शाईने.