डोंगराला चुना

इद्रिस अख्ख्या डोंगराला चुना लावतो, अशी धानोऱ्यात थट्टा चाले, आणि ती शब्दशः खरी होती. तो घरांना सफेदी करणारा माणूस. गावाजवळचा खडक्या डोंगर तासाभरात चढून होई, पण कडेकपारींनी असा भरलेला, की रविवारी नंदुरबारहून टांग्याने पाय मोकळे करायला येणारी मंडळी हमखास वाट चुकत. म्हणून दरसाल दसऱ्यानंतर इद्रिस उरलासुरला चुना घेऊन वर जाई आणि वाटेवरच्या खडकांवर पंजाएवढ्या खुणा करी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या खुणेच्या भरवशावर अनोळखी माणसं पाऊल टाकतात, याचा त्याला भारी अभिमान होता.

चुना उडून उडून त्याचे डोळे अधू झाले. १९३८ साली उजवा पुरता गेला, डाव्याला नुसता उजेड कळे. हे फक्त त्याच्या बायकोला, रजियाला, ठाऊक होतं. त्या वर्षीही तो हट्टाने एकटाच गेला आणि चाचपडत खुणा करून आला.

पुढच्याच रविवारी कापडवाले उमेदमलशेठ लंगडत दारात आले. डोंगरावर वाट फुटते तिथे दोन जुळे खडक आहेत. खूण उजव्यावर हवी, ती डाव्यावर पडली होती. शेठ तिच्यामागे गेले ते थेट कड्याच्या टोकाशी. मागे फिरताना पाय मुरगळला.

"इद्रिसभाई, औंदा तू माले चुना लाई दिन्हा," ते हसत म्हणाले.

इद्रिसला हसू आलं नाही. उद्या कुणी कड्यावरून खाली गेलं तर, या धास्तीने तो भरल्या ताटावरून उठला.

सकाळी बादली आणि काथ्याचा कुंचा घेऊन तो सगळ्या खुणा पुसायला निघाला. या वेळी रजियाला सोबत घ्यावंच लागलं. ती प्रत्येक खडकावर त्याचा हात नेऊन ठेवी, तो घासघास घासे आणि विचारी, गेली का. ती म्हणे, गेली.

आठवडाभर तो खाटेवर पडून होता. रविवारी डोंगरावरून परतलेली मंडळी पाणी प्यायला थांबली. खुणा चोख आहेत म्हणाली. फक्त जुळ्या खडकांपाशी उजवीकडची अंगठ्याएवढीच का?

इद्रिसने रजियाचा हात मागितला. पानाच्या चुन्याने तिच्या अंगठ्याची साल निघाली होती. चुकलेली एकच खूण पुसली, बाकी ठिकाणी तुमच्याकडून कोरा खडक घासून घेतला, असं तिने कबूल केलं.

"तू ते मालेच चुना लाई दिन्हा," तो म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

पुढच्या दसऱ्यानंतर तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चढला. चुना ती लावत होती. तो प्रत्येक खडकापाशी एकच सांगत राहिला, खूण पंजाएवढी कर.