जिन्याचं माप

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गावाकडून त्यांचा पलंग आणायचा होता त्या आठवड्यात दादांचा फोन तीनदा आला आणि तिन्ही वेळा विचारणं एकच, जिन्याचं माप घेतलंस का? मी बीडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅसच्या टाक्या, फ्रिज, कपाट, सगळं त्याच जिन्याने वर आलंय. हा पलंग काय मोठा लागून गेलाय, असं माझं म्हणणं. तिसऱ्या वेळी वैतागून म्हणालो, "घेतलंय म्हणलं ना, दादा." उचलली जीभ लावली टाळ्याला. घरात टेपसुद्धा नव्हती.

दादा घाटनांदूरचे सुतार. माय गेली, पाठोपाठ त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मी त्यांना इकडे आणायचं ठरवलं. त्यांची अट एकच होती, पलंग बरोबर येणार. तो त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मायसाठी केलेला. अस्सल सागवान, पाच बाय साडेसहा, आणि सबंध पलंगात एक खिळा नाही. शेवटची दोन वर्षं माय त्याच्यावरच पडून होती आणि त्याच्यावरच गेली. खरं सांगायचं तर मला तो पलंग घरात नको होता. दादांना ते कळलं असावं.

टेम्पो मांजरसुंब्याला चहाला थांबला तेव्हा सगळे हॉटेलात गेले, दादा मात्र मागे जाऊन दोऱ्या चाचपत राहिले. बीडला पोचल्यावर मी त्यांना खालच्या किराणा दुकानापुढे खुर्चीवर बसवलं आणि तीन हमालांना घेऊन वर निघालो. पहिल्याच वळणावर पलंग अडकला. आडवा केला, उभा केला, भिंतीचा गिलावा खरवडला, पण तो ना वर जाईना ना खाली येईना. वरून एक शेजारीण पिशवी घेऊन उतरत होती, ती तोंड वाकडं करून उभी राहिली. हमालाने खालून बघितलं आणि म्हणाला, "नट-बोल्ट कुठंच न्हाईत साहेब. ह्यो खुलत न्हाई."

पलंग करणारा माणूस अठरा पायऱ्या खाली बसला होता. मी उतरून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्यांनी आधी मापाचं विचारलं असतं. कारण एवढंच होतं. पुढे मी दुसरी कारणं शोधून पाहिली, एकही सापडलं नाही.

कापा, म्हणालो मी. करवत दादांच्याच हत्यारांच्या पेटीतली काढून दिली.

दुकानदाराने नंतर सांगितलं, करवतीचा पहिला आवाज आला तशी दादांनी मान वर केली आणि उठले. ज्यांना मी धरून खुर्चीवर बसवलं होतं ते भिंतीला धरून एकटे जिना चढले. ते वळणावर पोचले तोवर तीन कोपरे कापून झाले होते. हमालांचे हात आपोआप थांबले. दादा पायरीवर टेकले आणि चौथ्या कोपऱ्याखाली अंगठा फिरवू लागले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी हौसेने पलंगाला तपकिरी ऑइलपेंट फासला होता, ते नको म्हणत असताना. तो रंग त्यांनी नखाने खरवडला, हातोडी मागितली आणि खालून दोनदा ठोकलं. बोटाएवढी लाकडी पाचर निसटून पायऱ्यांवरून गडगडत गेली. लांब फळी पायातून अलगद सुटली.

"चार पाचरी व्हत्या," दादा म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "माप घेतलं व्हतंस ना?"

 त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि तेच मला सोसवेना. सुताराच्या पोटी जन्मून मला बापाचा सांधा ठाऊक नव्हता. तू शीक, हे काम नको, असं तेच म्हणाले होते आणि मी आनंदाने ऐकलं होतं.

पलंगाच्या फळ्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि दादा लोखंडी कॉटवर झोपू लागले. महिन्याभराने त्यांनी त्या फळ्यांतून मोबाईलचे स्टँड करायला सुरुवात केली. पहिला माझ्या बायकोला, कारण तिचा डब्याला टेकवलेला फोन रोज कणकेत पडायचा. मग शेजाऱ्यांना, दुकानदाराला, त्या जिन्यातल्या शेजारणीलासुद्धा. प्रत्येकाचा फोन हातात घेऊन लांबी, रुंदी आणि कव्हरसकट जाडी मोजायचे, इंच आणि सुतात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, मागे एक इवलीशी पाचर. देताना प्रत्येकाला खोलून दाखवायचे. "खालून ठोकायचं. तोडायचं न्हाई." मी तिथेच पेपर वाचत बसलेलो असायचो. ते कोणाला उद्देशून होतं की नव्हतं, देव जाणे, मला लागायचं.

सगळ्यांना मिळाला, मला नाही. एकदा चेष्टेच्या सुरात विचारलं, "दादा, माझा स्टँड कुठाय?" ते फळी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "माप घिऊन ये. करून देतो."

फोन माझ्या खिशात होता, टेप त्यांच्या गुडघ्यापाशी. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट त्यांनी मला बसायला थोडं सरकून जागा केली होती. हे आता दिसतं. तेव्हा वाटलं, बायकोसमोर टोमणा मारला. आणतो, म्हणालो आणि ऑफिसला निघून गेलो. पुढे रोज डोक्यात यायचं, रविवारी बसू. दादा त्यानंतर आठ महिने होते. एका दुपारी आम्ही ताटं घेत असताना कॉटवर पडल्यापडल्याच वारले. जेवायला हाक मारली तेव्हा कळलं.

तेरावा झाल्यावर त्यांची पेटी उघडली. आत एका धोतराच्या तुकड्यात सागवानाचे दोन तुकडे गुंडाळलेले. मायच्या उशाकडच्या फळीचे, लाकडात खोल मुरलेल्या तेलाच्या डागावरून ओळखले. रंधा मारून गुळगुळीत केलेले, सांधा पाडलेला, पाचरही तयार. फक्त फोन बसायची खाच तेवढी पाडायची राहिली होती.

काल टेप घेऊन बसलो. साडेसहा इंच, तीन इंच, जाडी कव्हरसकट तीन सूत. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तेच आलं. त्यांच्याच पेन्सिलीने लाकडावर लिहून ठेवलं.

घेतलंय, दादा. या वेळी खरंच घेतलंय.