नबीलच्या क्लबची मॅच

रिफाच्या स्टेडियमवर मी आयुष्यात एकच फुटबॉल मॅच बघितली... बहरीनला असताना, नव्वदच्या दशकात, एका शुक्रवारी. मी क्रिकेटवाला माणूस, पण नबीलने पिच्छाच सोडला नाही.

नबील हिद्दच्या आमच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर्स सांभाळायचा. लेबनॉनचा, तिथल्या द्रूझ नावाच्या छोट्या धर्मपंथाचा. बैरूतची त्याची लाडकी टीम इथे फ्रेंडली मॅच खेळायला आली होती आणि आठवडाभर त्याला दुसरा विषय नव्हता.

क्लबचा अख्खा इतिहास त्याने मला गाडीत ऐकवला. डोंगरातून पोट भरायला बैरूतमध्ये आलेल्या द्रूझ लोकांनी हा क्लब जिवापाड जपलेला. खेळायची सगळ्या जमातींची पोरं, पण ओरडायला येणारे बहुतेक द्रूझच... लीग मात्र एकदाही जिंकलेली नाही. मग सिव्हिल वॉर पेटलं, वर्षानुवर्षं लीगच बंद. टीममधले कुणी परदेशी गेले, कुणी मेले.

नबीलचा मोठा भाऊ फादी याच क्लबचा लेफ्ट विंगर. दहा वर्षांपूर्वी प्रॅक्टिसहून घरी येताना एका नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्याला गाडीतून उतरवलं. त्यानंतर पत्ताच नाही.

तरी घरी आशा होती, आणि तिला कारण होतं. द्रूझ मानतात की माणूस गेला की त्याच क्षणी त्यांच्यातच कुठेतरी पुन्हा जन्मतो. अशी काही मुलं बोलायला लागली की आधीचं घर, आधीची माणसं सांगतात म्हणे. फादीच्या गोष्टी सांगणारं मूल कुठे निघालं नव्हतं... म्हणजे फादी जिवंत आहे, असं त्याची आई धरून बसली होती.

आम्ही आंबेडकरी बौद्ध. आत्मा, पुनर्जन्म असलं काही घरात कुणी काढलं तर आमचे बाबा ताटावरून उठायचे. मी नुसती मान हलवली.

मॅच रटाळ झाली, हरलेच. संपल्यावर टीमचं सामान सांभाळणारा म्हातारा, अबू हानी, नबीलला ओळखून जाळीपाशी आला. बराच वेळ अरबीत हळू आवाजात काहीतरी सांगत राहिला. नबील जाळी घट्ट धरून ऐकत होता.

गाडीत बसल्यावर त्याने किल्लीच फिरवली नाही. मग सांगितलं, डोंगरातल्या एका गावात एक मुलगा सापडलाय. मी फादी, म्हणतो. अबू हानीला पहिल्यांदाच बघून त्याने क्लबमधल्या टोपणनावाने हाक मारली.

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी विचारलं, केवढा आहे?

"सात वर्षांचा," नबील म्हणाला. "सातच, कांबळे. म्हणजे तीन वर्षं तो कुठेतरी जिवंत होता. आम्ही वर्षभरात शोधायचं सोडलं, आणि नुसती वाट बघत बसलो."

ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही, तिच्यातली ती तीन वर्षं मी बोटांवर मोजत बसलो. शेवटी किल्ली मी मागून घेतली आणि रिफाहून घरापर्यंत गाडी मीच चालवली.

सुट्टीवर लेबनॉनला जायच्या आधी एका संध्याकाळी तो मला जिदहफ्सच्या बाजारात घेऊन गेला. फुटबॉलचे बूट हवे होते. केरळी दुकानदाराने विचारलं, कुणासाठी?

"माझ्या मोठ्या भावासाठी."

दुकानदाराने मोठ्या मापाचे खोके काढले. नबीलने मान हलवली आणि खालच्या फळीवरच्या लहान मुलांच्या बुटांकडे बोट दाखवलं. दुकानदार गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बरोबर आहे, तेच द्या.

नबील तिथेच स्टुलावर बसून रडला... दहा वर्षांत पहिल्यांदाच रडला असावा. बुटांची पिशवी मी धरली.

पुनर्जन्म मी आजही मानत नाही. पण फादीची मयत कधी निघालीच नाही, त्याला पोचवायला कुणीच गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं गेलो, असं मी मानतो... आणि सोबतीला नबीलने मला बोलावलं, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत.