पहाटेची बस

बस कचेरीत झाडू मारता मारता मावशींनी एकदा दोन साहेबांचं भांडण ऐकलं होतं.

"पहाटेची बस बंद करा, नुसत्या म्हाताऱ्या बसतात."

"पेट्रोल वाढू द्या, मोटारवाले झक मारत येतील."

दोघेही मोटारीतूनच येत, बरं का.

पेट्रोल वाढलं. मोटारवाले पहाटेच्या बसमध्ये सीटवर ऐसपैस बसले, रोज त्याच बसने कामावर येणाऱ्या मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी उभ्या राहिल्या. पेट्रोल उतरताच मंडळी पसार झाली. साहेबांनी प्रवासी घटले म्हणून बस बंद करायचं ठरवलं.

"साहेब, आम्ही आहोत की."

"मावशी, तुमचं तिकीट सवलतीचं. ते मोजणीत धरत नाहीत."

बसशिवाय कामावर येणार कशा? मावशींनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांच्याच हाती बस बंद झाल्याची नोटीस दिली. मावशींनी ती थांब्यावर नेहमीसारखी, चारही कोपरे दाबून, सरळ चिकटवली.